स्वतःच्या चालीचा घरगुती डेमो: या चुका टाळा

२००८ च्या पावसाळ्यात, डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, आतल्या खोलीची दारे-खिडक्या लावून मी एका भावगीताचा डेमो ध्वनिमुद्रित केला. शब्दही माझेच होते आणि चालही माझीच. सुटे भाग जोडून घेतलेला संगणक, त्याच्या मागच्या गुलाबी भोकात खुपसलेला हेडसेटचा माइक, वडिलांची जुनी पेटी आणि दुसऱ्या दिवशी सवड काढून आलेला तबलजी मित्र, एवढीच सामग्री होती. त्या खटाटोपातून आज उरली आहे ती चार मिनिटे अकरा सेकंदांची, १२८ केबीपीएसची, जेमतेम चार एमबीची एक एमपी३ फाइल. ती चाल आता नव्याने आणि नीट ध्वनिमुद्रित करावी, या हेतूने गेल्या वर्षी मी ती फाइल उघडली आणि अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीवर अडकलो.

चाल भीमपलासी रागातली आहे. मुखडा मध्यमावर विसावतो आणि अंतऱ्यात पंचमावरून वरच्या षड्जाकडे जाताना एक निषाद (नी) येतो. तो कोमल, म्हणजे किंचित उतरलेला, असेल तर ओळ भीमपलासीतच राहते. शुद्ध असेल तर ती पटदीप रागाकडे झुकते आणि ‘परतून ये’ या शब्दांतली विनवणी एकदम हट्टासारखी ऐकू येते. त्या एका स्वरावर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या आणि शेवटी काहीतरी पक्के ठरवले होते, एवढे मला आठवते. काय ठरवले, ते मात्र फाइल सांगत नाही. त्या जागी पेटी कोमल निषाद दाबून बसली आहे, आवाज तिच्यामागे दडलेला आहे, आणि जो थोडाफार ऐकू येतो तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी सरकतो आहे.

या लेखातल्या बहुतेक चुका मला त्या निषादाच्या शोधात सापडल्या. घरगुती ध्वनिमुद्रणाविषयी जो सल्ला सहसा मिळतो तो ‘आवाज स्टुडिओसारखा कसा येईल’ या प्रश्नाभोवती फिरतो. परंतु डेमोचे खरे काम चाल टिपून ठेवणे हे आहे, आणि त्या दृष्टीने पाहिले तर चुकांची वर्गवारी निराळी होते. काही चुका कानाला खुपतात, पण नंतर निस्तरता येतात. काही चुका त्या दिवशी लक्षातही येत नाहीत आणि पुढे कशानेच भरून निघत नाहीत.

एकाच माइकवर पेटी आणि आवाज

माझी सर्वांत महागात पडलेली चूक हीच. हेडसेट डोक्याला लावला तर पेटी नीट टिपली जाईना, म्हणून मी तो टेबललॅम्पच्या मानेला टांगला आणि माइकची दांडी पेटी व तोंड यांच्या मधोमध वळवून ठेवली. त्यामुळे दोन्ही आवाज एकाच पट्ट्यावर (ट्रॅकवर), कायमचे एकमेकांत मिसळून, मुद्रित झाले. पेटी हे अखंड वाजणारे वाद्य आहे. तिच्या सुरांचा पल्ला गायकाच्या आवाजाच्या पल्ल्याशी जवळजवळ जुळतो, आणि साथ करताना आपण गातो तेच स्वर तिच्यावर वाजवतो. त्यामुळे जिथे आवाज थोडा हलका झाला तिथे पेटीने तो गिळला.

मिश्र ध्वनिमुद्रणातून गायन वेगळे काढून देणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात, आणि मीही दोन वापरून पाहिली. तबला त्यांनी बऱ्यापैकी बाजूला काढला, कारण तबल्याचा आघात क्षणिक असतो; पेटी मात्र आवाजाला इतकी चिकटलेली होती की जिथे ती सुटली तिथे माझा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला, आणि नेमक्या त्या निषादावर तर उरलेला स्वर पेटीचा होता की माझा, हेच कळेना.

इथे रागाचाही एक मुद्दा आहे. भीमपलासीत गंधार मध्यमाचा आणि निषाद षड्जाचा स्पर्श घेऊन येतो. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, निघत नाही आणि स्वरांच्या जागाही ठरलेल्या असतात, म्हणून ती या स्वरांचे ढोबळ रूपच दाखवू शकते. चालीतली जी गोष्ट सर्वांत नाजूक होती ती फक्त आवाजात होती, आणि मी ती सर्वांत ढोबळ वाद्याखाली पुरून टाकली.

उपाय अगदी साधा आहे आणि त्याला खर्च नाही. दोन पट्टे घेण्याची सोय असेल तर कानात हेडफोन लावून, त्यात तंबोरा ऐकत, आधी फक्त आवाज मुद्रित करावा आणि पेटी नंतर स्वतंत्र पट्ट्यावर घ्यावी. हाताशी केवळ मोबाइल असेल तर चाल दोनदा गावी: एकदा वाद्यासह आणि एकदा कोणत्याही साथीशिवाय, कोऱ्या आवाजात. ही कोरी प्रत कोणाला ऐकवण्यासाठी नसते, पण आपली स्मरणशक्ती जिथे दगा देते तिथे तीच उपयोगी पडते. एकत्रच मुद्रण करणे भाग असेल तर माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि पेटी त्याच्या पलीकडे शक्य तितकी दूर असावी. अंतर निम्मे केले की मोकळ्या जागेत आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. खोलीत हा हिशेब इतका काटेकोर राहत नाही, तरी माइक गायकाकडे चार बोटे सरकवण्याने जे साधते ते नंतर दिवसभर बटणे फिरवून साधत नाही.

फाटलेला आवाज आणि मोबाइलची नसती हुशारी

मुखडा गाताना आवाज बारीक येतो असे वाटल्यामुळे मी संगणकाच्या ध्वनी-नियंत्रणातला ‘माइक बूस्ट’ नावाचा चौकोन टिचकवला. त्याने पातळी २० डेसिबलने वाढते, आणि तिच्यासोबत पंख्याचा, संगणकाच्या खोक्याचा आणि स्वस्त साउंड कार्डचा खरखराटही तितकाच वाढतो. मुखड्याला ते मानवले. परंतु अंतऱ्यात तारषड्जावर गेल्यावर लाटेची टोके छाटली गेली आणि आवाज फाटला. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबलची रेषा ही भिंत असते, आणि तिच्यावर आपटलेल्या लाटेचा मूळ आकार कुठेही साठवलेला नसतो. छाटलेली टोके अंदाजाने जोडून देणारी साधने मिळतात. दोनचार ठिकाणची इजा त्यांनी झाकते, सगळा अंतरा काही सुधारत नाही.

म्हणून पातळी ठरवताना मुखडा गुणगुणून पाहू नये, चालीतली सर्वांत उंच आणि सर्वांत जोरकस ओळ पूर्ण ताकदीने गावी, आणि तिची टोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील असे पाहावे. मुद्रण २४ बिटवर करता येत असेल तर आवाज थोडा बारीक राहिल्याची चिंता करण्याचे मुळीच कारण नाही, कारण प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबलचा पल्ला मिळतो आणि बारीक मुद्रण नंतर सहज मोठे करता येते.

मोबाइलवर नेमकी उलटी अडचण येते. बऱ्याच फोनमधले साधे रेकॉर्डर पातळी आपोआप सांभाळतात. आवाज मोठा झाला की खाली दाबतात आणि शांतता आली की वर ओढतात. ओळ संपल्यावर गायक श्वास घेतो त्या क्षणी पंखा किंवा पेटीचा भाता अचानक मोठा होताना ऐकू आला, तर दोष या व्यवस्थेचा आहे असे समजावे. चालीतला लहान-मोठेपणा, म्हणजे कुठे हळू आणि कुठे भरून गायचे याची सगळी नोंद, ती पुसून टाकते. पातळी हाताने ठरवू देणारे अॅप घ्यावे, आणि तेही जमत नसेल तर फोन थोडा दूर ठेवून गावे.

फ, भ, ख या महाप्राण व्यंजनांवर आणि प, ब यांवरही माइकमध्ये ‘भप्प’ असा धक्का बसत असेल, तर माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत तिरका धरावा. वाऱ्याचा झोत सरळ निघून जातो आणि आवाज तेवढा पोहोचतो. ‘फुलले’ किंवा ‘भरून’ अशा शब्दाने ओळ सुरू होत असेल तर हे आधी तपासून घ्यावे.

खरखर काढताना सूर काढून टाकणे

डेमो झाल्यावर त्यातली खरखर मला सहन होईना. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉइज रिमूव्हल’ची सोय होती: शांततेचा एक तुकडा नमुना म्हणून दाखवायचा, मग सगळे मुद्रण निवडायचे आणि बटण दाबायचे. मी ते दाबले. समाधान झाले नाही म्हणून पुन्हा दाबले. ही प्रक्रिया उंच-खालच्या कंपनांनुसार आवाजाचे अनेक बारीक पट्टे करते आणि ज्या पट्ट्यातली पातळी नमुन्यातल्या खरखरीइतकी खाली येते तो पट्टा दाबून टाकते. याचा अर्थ असा, की स्वरांची मावळती टोके, श्वास, मींडेचा हलका भाग आणि षड्जाला नुसता स्पर्श करून परतणारा कण, हे सारे तिच्या लेखी खरखरच ठरू शकते. माझ्या निषादाभोवती जे काही उरले होते ते बहुधा दुसऱ्या दाबण्यात गेले.

काढण्यापेक्षा येऊ न देणे सोपे असते. पंखा बंद करावा, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर मधले दार लावावे, शेजाऱ्यांच्या कुकरच्या वेळा टाळाव्यात. आमच्याकडे गाड्यांची वर्दळ थांबते त्या मध्यरात्रीनंतरच्या दोन-तीन तासांत जे साधते ते दिवसा साधत नाही, पण तेव्हा वरच्या पट्टीत गाण्याची चोरी असते, ही अडचणही खरीच. प्रत्येक मुद्रणाच्या आधी दहा सेकंदांची शांतता मुद्दाम मुद्रित करावी. नंतर सफाई करावीच लागली तर ती प्रतीवर करावी, मूळ फाइलवर कधीही करू नये, आणि सौम्यपणे एकदाच करावी.

एकसारखी ‘घूं’ ऐकू येत असेल तर तिचे मूळ बहुधा विजेत असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे घूं ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर मिळते. मी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गातो. त्या पट्टीचा माझा षड्ज सुमारे १३८.६ आणि मंद्र पंचम १०३.८ हर्ट्झवर येतो. ८० हर्ट्झच्या खालचे सगळे कापून टाकले तर ५० ची घूं जाते आणि आवाजाला धक्का लागत नाही. परंतु १०० हर्ट्झची घूं मंद्र पंचमाच्या इतकी शेजारी बसते, की ती आंधळेपणाने कापल्यास पंचमही पोकळ होतो. ती तशीच ठेवली तर कोणीतरी बेसूर पंचम लावलेला तंबोरा मागे छेडतो आहे असे वाटते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. कित्येकदा एवढ्याने घूं नाहीशी होते.

खोलीच्या घुमण्याबद्दल थोडक्यात. टाळी वाजवल्यावर भिंतीभिंतींत फडफडल्यासारखा नाद येत असेल तर गोधड्या, गाद्या आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांनी तो बराच कमी होतो. खालचे घुमणे मात्र गोधडीला दाद देत नाही: दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत सुमारे ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले ११२, १६८ हर्ट्झचे स्वर घुमतात, आणि खोली चौरस असेल तर भिंतींच्या दोन्ही जोड्या तेच स्वर घुमवतात. अशा खोलीत नेमके मधोमध किंवा भिंतीला खेटून बसू नये. खोलीचा घुमारा एकदा मुद्रित झाला की तो निघत नाही, म्हणून हौसेने लावलेला ‘रिव्हर्ब’, म्हणजे कृत्रिम घुमारासुद्धा, मूळ पट्ट्यात कधी मिसळू नये.

‘तू मागे पडतोस’

दुसऱ्या दिवशी मित्र आला. मी आधी मुद्रित केलेले गाणे त्याने हेडफोनमध्ये ऐकले आणि त्यावर केरवा वाजवला. नंतर दोन्ही पट्टे एकत्र वाजवले तर तबला सतत किंचित उशिरा पडत होता. मी त्याला चार वेळा ‘तू मागे पडतोस’ असे सुनावले आणि त्याने चारही वेळा ‘अरे, मी समेवरच आहे’ असे सांगितले. तो बरोबर होता. संगणकाला आवाज बाहेर काढायला आणि आत घ्यायला वेळ लागतो. त्या फरकाची भरपाई सॉफ्टवेअरमध्ये बरोबर भरलेली नसेल तर नवा पट्टा जुन्याच्या मागे पडतो. आमच्या मुद्रणात हे अंतर सेकंदाच्या एक अष्टमांशाच्या आसपास होते, म्हणजे त्या लयीत मात्रेचा जवळजवळ सहावा भाग. केरव्यात एवढ्याने सगळा डौल जातो.

हे तपासण्याची घरगुती रीत अशी आहे. मेट्रोनोमची टिकटिक एका पट्ट्यावर ठेवावी, ती हेडफोनमधून वाजत असताना हेडफोन माइकला चिकटवून दुसऱ्या पट्ट्यावर मुद्रित करावी, आणि मग पडदा मोठा करून दोन्ही टिकटिकींमधले अंतर मोजावे. जो आकडा येईल तो ‘लेटन्सी’च्या, म्हणजे या दिरंगाईच्या, भरपाईत भरावा. गाताना स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये मागाहून ऐकू येत असेल तर बफर, म्हणजे संगणक आवाज पुढे सोडण्याआधी थोडा थोडा साठवतो तो साठा, लहान करावा: सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापे) घेणाऱ्या ४४.१ किलोहर्ट्झच्या मुद्रणात २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.८ मिलिसेकंद लावतो, १०२४ चा सुमारे २३. ब्लूटूथ हेडफोन या कामाला मुळीच वापरू नयेत; त्यांची दिरंगाई ऐकताना जाणवत नाही, पण साथ करताना हमखास आडवी येते.

याच पट्ट्यातून आणखी एक गोष्ट उघडी पडली, आणि तिचा दोष संगणकावर ढकलता येत नाही. मुखड्याला माझी लय मिनिटाला ७२ मात्रांची होती. शेवटच्या आवर्तनाला ती ८४ वर पोहोचली होती. चढत्या लयीमागे धावणाऱ्या माझ्या मित्राने जे सांभाळले ते आजही कौतुकास्पद वाटते. तरीही पहिल्या डेमोला मेट्रोनोमच्या टिकटिकीवर गावे, असे मी म्हणणार नाही, कारण भावगीताच्या ओळीतली श्वासाची ओढाताण टिकटिकीने मरते. तबल्याचा साधा ठेका देणारे अॅप त्यापेक्षा पुष्कळ बरे, आणि तेही नको असेल तर निदान गाण्याआधी तोंडाने ‘मात्रा बहात्तर’ असे बोलून ठेवावे.

जे लिहिले नाही ते

पट्टीची चूक मला बऱ्याच उशिरा कळली. माझ्या फाइलमधला षड्ज आज लावलेल्या काळी एकशी तंतोतंत जुळत नाही. वडिलांची पेटी थोडी चढी होती आणि ती आता आमच्याकडे नाही. एवढा फरक क्षम्य आहे. खरी अडचण अशी, की चाल मी माझ्या बोटांच्या सोयीने काळी एकमध्ये बांधली आणि तिचा पल्ला मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत ताणला, तो कोणाच्या गळ्याला झेपेल याचा विचारच केला नाही. चाल दुसऱ्या कोणी गावी अशी इच्छा असेल तर तिचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर फाइलसोबत लिहून द्यावा.

डेमोची सुरुवातही ज्याने त्याने तपासावी. माझ्या फाइलमध्ये पहिली बावन्न सेकंदे पेटीवरची प्रस्तावना आहे, आणि ती मला तेव्हा फार प्रिय होती. ज्या दोन गायकांना मी त्या डेमोची सीडी दिली त्यांनी बावन्न सेकंदांपर्यंत धीर धरला असेल असे आता वाटत नाही.

स्वरलिपी न लिहिणे ही तर संगीत शिकलेल्या माणसाकडून होणारी निव्वळ आळसाची चूक आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात, तीव्र मध्यमावर उभी रेघ देतात, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर टिंब देतात. पलुस्कर पद्धतीत कोमल स्वराला हलन्तासारखी खूण असते आणि स्वरावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते, म्हणजे तेच टिंब दोन पद्धतींत परस्परविरुद्ध अर्थाचे होते. कोणतीही एक पद्धत घ्यावी, पण ती पूर्ण पाळावी, आणि ती कोणती हे वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहावे. सगळी चाल लिहिण्याचा कंटाळा असेल तर निदान जिथे आपण अडखळलो, जिथे दोन पर्यायांपैकी एक निवडला, त्या जागा तरी लिहाव्यात. मुखडा सहसा विसरला जात नाही, विसरले जातात ते असे निर्णय.

हक्कांविषयीही दोन शब्द सांगावेसे वाटतात, कारण पहिल्या डेमोच्या वेळी बहुतेकांना उगीच भीती वाटते ती आपली चाल कोणी चोरेल याची, आणि जिथे खरोखर सावध राहायला हवे तिथे कोणी राहत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) स्वतःच्या कृतीवरचा हक्क ती निर्माण झाल्यापासूनच मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि चालीची स्वरलिपी लिहिलेली असलीच पाहिजे अशीही अट नाही. तारखेचा पुरावा जवळ असणे मात्र केव्हाही चांगले. उलट दुसऱ्या कवीच्या शब्दांना चाल लावली असेल, तर कवीच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे त्या शब्दांवर हक्क असतो. घरात गुणगुणायला कोणी अडवत नाही, पण डेमो प्रसिद्ध करण्याआधी परवानगी घ्यावी लागते.

फक्त ‘.एयूपी’ वाचवली

आता ज्या चुकीने पुढचे सगळे दरवाजे बंद केले ती सांगतो. संगणक बदलताना मी डेमोचा प्रकल्प मोठ्या काळजीने सीडीवर उतरवला, सीडीवर मार्करने ‘नवी चाल फायनल २’ असे लिहिले आणि निश्चिंत झालो. त्या काळी ऑडॅसिटीचा प्रकल्प दोन भागांत साठवला जात असे: ‘.एयूपी’ शेपटीची एक लहानशी फाइल आणि तिच्याच नावापुढे ‘डेटा’ लावलेले एक फोल्डर. प्रत्यक्ष आवाज त्या फोल्डरमध्ये असे. लहान फाइलमध्ये कोणता तुकडा कुठे जोडायचा एवढाच हिशेब असे. मी हिशेब जपून ठेवला आणि ऐवज जुन्या हार्ड डिस्कबरोबर भंगारात दिला. २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून ऑडॅसिटीचा प्रकल्प एकाच फाइलमध्ये राहतो, त्यामुळे ही विशिष्ट चूक आता सहसा होणार नाही. तथापि आवाजाच्या फाइली बाहेर ठेवून प्रकल्पात फक्त त्यांचे पत्ते लिहिणारी सॉफ्टवेअर आजही आहेत, आणि कोणत्याही प्रकल्पाची प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून, वाजवून पाहिल्याखेरीज प्रत झाली असे मानू नये.

त्याहून सोपी सवय अशी, की काम संपले की प्रत्येक पट्टा स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून, सर्व पट्टे अगदी शून्य सेकंदापासून सुरू होतील अशा रीतीने, बाहेर काढावा. सॉफ्टवेअर बदलले, कंपनी बुडाली, तरी वेव्ह उघडता येते. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटची एका पट्ट्याची वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा घेते. आजच्या साठवणुकीत ही जागा नगण्य आहे. एमपी३ दुसऱ्याला पाठवण्यासाठी असते, आपल्याजवळ ठेवण्यासाठी वेव्ह. व्हॉट्सअॅपवर पाठवायची झाल्यास फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, आणि नावात तारीख, पट्टी व मात्रा घालाव्यात. ‘फायनल २’ या नावाने मला काहीही सांगितले नाही. ‘फायनल १’ कुठे गेली, हेसुद्धा नाही.

आणि एक फाइल मी स्वतःच्या हाताने पुसली. चाल सुचली त्या आठवड्यात, लोकलमधून उतरून घरी चालत येताना, मी ती मोबाइलच्या रेकॉर्डरवर गुणगुणून ठेवली होती. तो रेकॉर्डर एएमआर प्रकारची फाइल करी. सेकंदाला फक्त ८,००० नमुने, आवाज टेलिफोनसारखा चिमटा काढून आलेला, मागे रिक्षांचे भोंगे. संगणकावरचा डेमो झाल्यावर तिची गरज उरली नाही असे वाटून, एक जीबीच्या कार्डावर जागा करण्यासाठी मी ती काढून टाकली. वास्तविक सूर ओळखायला तेवढे नमुने पुरेसे असतात, कारण माझ्या आवाजातला तो निषाद अडीचशे हर्ट्झच्या आसपास वाजतो. शिवाय त्या फाइलमध्ये पेटी नव्हती, तबला नव्हता आणि नॉइज रिमूव्हलही नव्हते.

जुना डेमो ऐकताना

अनेक वर्षांनी स्वतःचा डेमो ऐकताना दोन टोकांच्या चुका होतात. पहिली लाजेची: आवाज कोवळा, उच्चार ओढलेले, पेटीवर बोटे चुकलेली, म्हणून तीस सेकंदांत बंद करून ‘हे काही खरे नाही’ असे ठरवणे. दुसरी जिव्हाळ्याची: तीच फाइल इतक्या वेळा ऐकलेली असते की तिच्यातला प्रत्येक अपघात चालीचाच भाग वाटू लागतो. नव्या मुद्रणात मी गायिकेला मुखड्याच्या शेवटी एक विशिष्ट अडखळ घ्यायला लावत होतो, आणि तासाभराने माझ्या ध्यानात आले की मूळ फाइलमध्ये त्या जागी मी थुंकी गिळली होती.

जिव्हाळा कधी कधी बरोबरही ठरतो. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या आपल्या घरी टीअॅकच्या पोर्टास्टुडिओ १४४ या चार पट्ट्यांच्या कॅसेट यंत्रावर डेमो केले. मग तीच गाणी बँडला घेऊन स्टुडिओत पुन्हा केली, ती मनासारखी उतरेनात, आणि अखेर त्याच वर्षी ती घरची कॅसेटच ‘नेब्रास्का’ हा अल्बम म्हणून बाहेर आली. पण त्या दाखल्याचा आधार घेण्याआधी एवढे लक्षात घ्यावे, की त्यांच्याजवळ चार स्वतंत्र पट्टे आणि मूळ कॅसेट होती.

ऐकण्याची साधनेही फसवतात. लॅपटॉपच्या इवल्या स्पीकरमधून डग्ग्याचा खालचा नाद फारसा येत नाही, म्हणून तो मुद्रणातच नाही असे समजून तो वाढवत बसू नये. एकदा बऱ्या हेडफोनवर ऐकावे. बाजारातल्या गाण्याशेजारी आपला डेमो वाजवून खट्टू होण्याआधी दोन्हींची आवाजाची पातळी सारखी करावी, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. आणि पहिल्यांदा ऐकताना हातात वही घेऊन फक्त चालीच्या नोंदी कराव्यात. आवाजाच्या गुणवत्तेच्या नोंदी दुसऱ्या ऐकण्यात.

माझ्या शोधात शेवटी एक कागद सापडला. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या मागच्या पानावर, पेन्सिलीने, अंतऱ्याच्या त्या ओळीचे स्वर मीच लिहिलेले होते, आणि निषादाखाली रेघ नव्हती. म्हणजे शुद्ध, असे वाटून मी क्षणभर सुखावलो. मग त्याच ओळीतला गंधार पाहिला. तो निःसंशय कोमल आहे, त्याशिवाय ती चालच उभी राहत नाही, आणि त्याच्याखालीही रेघ नव्हती. त्या संध्याकाळी मी रेघा देतच नव्हतो. शेवटचा उपाय म्हणून तबलजी मित्राला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “निषादाचं मला काय विचारतोस? मला सम आठवते. आणि तू मला मागे पडतोस म्हणाला होतास, तेही आठवतं.”

नव्या डेमोत ती ओळ दोनदा घेतली आहे, पेटीशिवाय, बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, पंखा बंद ठेवून. एका फाइलच्या नावात ‘कोमल नी’ आहे आणि दुसरीच्या नावात ‘शुद्ध नी’.